इंटरनेटवरील पत्रव्यवहाराला बंद पाकीट
खुली मानके आणि स्वयंचलन यांमुळे गोपनीयता सर्वसामान्यांच्या आवाक्यात

सातबाराचा उतारा पाहणे, विजेचे देयक भरणे, बँकेतील शिल्लक तपासणे, परीक्षेचा निकाल शोधणे, रुग्णालयात तपासणीची वेळ ठरविणे ही सारी कामे आता घरबसल्या होऊ लागली आहेत. शहरातील नोकरदाराप्रमाणेच खेड्यातील शेतकरी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगीही आपली खाजगी माहिती दिवसातून अनेकदा इंटरनेटच्या स्वाधीन करीत असते. ही माहिती वाटेत कोणी वाचत तर नसेल ना, अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती येण्याचे कारण पुष्कळ अंशी उरलेले नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु ही स्थिती फार जुनी नाही. २०१५ सालच्या अखेरीस फायरफॉक्स या ब्राउझरमधून उघडल्या जाणाऱ्या पानांपैकी ४० टक्क्यांहूनही कमी पाने सुरक्षित मार्गाने येत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये हेच प्रमाण जगभरात ८१ टक्क्यांवर गेले. वेबच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांत जे साधले नव्हते त्याहून अधिक काम नंतरच्या चार-साडेचार वर्षांत झाले. या बदलामागे अनेक प्रयत्न असले तरी त्यांतील एक विशेष महत्त्वाचा आहे. गोपनीयतेसाठी लागणारी किचकट व खर्चिक कारकुनी कामे एका खुल्या, लेखी कार्यपद्धतीत बसविण्यात आली आणि ती पार पाडण्याचे काम यंत्रांवर सोपविण्यात आले. हे कसे घडले आणि त्यातून कोणत्या नव्या जबाबदाऱ्या निर्माण झाल्या, याचा परिचय करून घेणे उद्बोधक ठरेल.

पोस्टकार्ड आणि पाकीट

पोस्टकार्डावरील मजकूर टपालाच्या प्रवासात ज्याच्या हाती ते कार्ड पडेल त्याला वाचता येतो. वेबची मूळ भाषा असलेली एचटीटीपी ही पद्धत नेमकी अशीच आहे. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते त्याला सर्व्हर म्हणतात. वाचकाचा संगणक आणि हा सर्व्हर यांच्यामध्ये घरातील किंवा उपाहारगृहातील वायफाय, सेवा पुरविणारी कंपनी, दूरदूरच्या तारा आणि वाटेवरील कितीतरी यंत्रे असतात. एचटीटीपीने पाठविलेला मजकूर या प्रत्येक ठिकाणी उघडा असतो. तो केवळ वाचता येतो असे नव्हे, तर वाटेत बदलताही येतो. पानात नसलेली जाहिरात घुसडणे किंवा उतरवून घेतल्या जाणाऱ्या फाइलमध्ये घातक भाग जोडणे यांसाठी हीच फट उपयोगी पडते.

हा धोका किती सहजसाध्य आहे, हे ऑक्टोबर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फायरशीप नावाच्या छोट्या प्रोग्रामने दाखवून दिले. फायरफॉक्सला तो जोडला की त्याच उघड्या वायफायवर बसलेल्या इतरांची फेसबुकसारख्या स्थळांवरील खाती एका टिचकीसरशी आपल्या ताब्यात घेता येत. कारण अनेक स्थळे प्रवेशाचा परवलीचा शब्द तेवढा सुरक्षित मार्गाने घेत आणि नंतरचा सर्व व्यवहार उघड्यावर चालवीत. हा प्रोग्राम करण्यामागील हेतू मोठ्या कंपन्यांचे डोळे उघडण्याचा होता आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला.

जून २०१३ पासून एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे या प्रश्नाचे दुसरे अंग जगापुढे आले. शासनयंत्रणांकडून इंटरनेटच्या मुख्य वाहिन्यांवर घाऊक प्रमाणात टेहळणी होत असल्याचे त्यांतून दिसले. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरविणाऱ्या इंटरनेट एंजिनिअरिंग टास्क फोर्स या संघटनेने मे २०१४ मध्ये आरएफसी ७२५८ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. सर्वव्यापी टेहळणी हा तांत्रिक हल्लाच समजावा आणि यापुढील मानकांची आखणी करताना शक्य तेथे त्यावर उपाय योजावा, अशी भूमिका त्यात घेण्यात आली.

किल्ली आणि दाखला

पाकीट बंद करण्याची विद्या तोवर अज्ञात होती असे नाही. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन यांनी तिला व्यवहार्य रूप दिले. या पद्धतीत किल्ल्यांची एक जोडी असते. एक किल्ली जगजाहीर केली जाते, दुसरी मालकाने गुप्त राखायची असते. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर केवळ गुप्त किल्लीने उघडतो. या तत्त्वावर नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल ही पद्धत प्रचारात आणली. तिचीच सुधारलेली आवृत्ती टीएलएस या नावाने १९९९ मध्ये खुले मानक झाली. एचटीटीपीला या पद्धतीचे आवरण घातले की एचटीटीपीएस तयार होते.

मात्र पाकीट बंद करण्यापूर्वी ते योग्य माणसाच्या नावे जात आहे की नाही, हे कळले पाहिजे. बँकेची म्हणून जी जाहीर किल्ली समोर आली ती खरोखर बँकेची आहे, की मध्येच बसलेल्या एखाद्या भामट्याची? या प्रश्नाच्या उत्तरासाठी दाखल्याची, म्हणजेच प्रमाणपत्राची योजना करण्यात आली. अमुक नावाच्या स्थळाची किल्ली अमुक आहे, असे प्रमाणन संस्था लिहून देते आणि त्याखाली आपली संगणकीय सही करते. कोणत्या संस्थांची सही ग्राह्य मानावयाची, याची यादी ब्राउझर किंवा फोन यांच्यात आधीपासून भरलेली असते. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला सही-शिक्क्यामुळे मानला जातो, तसाच हा प्रकार होय.

सही करणाऱ्याकडूनच चूक किंवा चोरी झाली तर काय होते, याचा अनुभव २०११ साली आला. नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या संगणकांत घुसखोरांनी प्रवेश मिळविला आणि गूगलसह अनेक स्थळांच्या नावे ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली. त्यांचा वापर मुख्यतः इराणमधील नागरिकांचा ईमेल वाचण्यासाठी झाला. ब्राउझरांनी या संस्थेचे नाव यादीतून वगळले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे दिवाळे वाजले. भारतातही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगल व याहू यांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि ती तातडीने रद्द करावी लागली. दाखला देणारी यंत्रणा ही सर्व इमारतीचा पाया आहे, हे या दोन्ही घटनांवरून ध्यानात येते.

अडचण कोठे होती?

विद्या उपलब्ध, मानके उपलब्ध आणि धोकाही स्पष्ट, असे असताना बहुसंख्य संकेतस्थळे उघडी का राहिली? याचे उत्तर गणितात नाही, तर दैनंदिन व्यवहारात सापडते.

प्रमाणपत्र बहुधा विकत घ्यावे लागे आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागत. बँकेला किंवा मोठ्या दुकानाला हा खर्च नगण्य असला, तरी ग्रंथालय, शाळा, छोटे नियतकालिक किंवा स्वयंसेवी संस्था यांना तो नकोसा वाटे. पैशांपेक्षाही त्रासदायक होते ते काम. सर्व्हरवर किल्ल्यांची जोडी तयार करावयाची, अर्ज विशिष्ट नमुन्यात तयार करावयाचा, संस्थेच्या ईमेलला उत्तर द्यावयाचे, आलेले प्रमाणपत्र व त्याला जोडून येणारे मधले प्रमाणपत्र योग्य क्रमाने बसवावयाचे आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावयाचा. जाणकार माणसालाही यात तास-दोन तास सहज लागत. वर्षा-दोन वर्षांनी मुदत संपे तोपर्यंत हे काम करणारा माणूस बदललेला असे, कृती विस्मरणात गेलेली असे आणि एका सकाळी स्थळ उघडणाऱ्या प्रत्येकाला धोक्याची सूचना दिसू लागे.

होस्टिंगच्या व्यवसायात, म्हणजे सर्व्हरवरील जागा भाड्याने देण्याच्या व्यवसायात, आणखी एक अडचण होती. एकाच सर्व्हरवर, एकाच क्रमांकित पत्त्यावर शेकडो लहान स्थळे नांदत असतात. चाळीतील बिऱ्हाडांना जसा इमारतीचा पत्ता एकच असतो तसे हे आहे. सुरक्षित जोडणी सुरू होताना पाहुण्याला कोणते बिऱ्हाड हवे आहे हे सर्व्हरला आधी कळत नसे, म्हणून कोणाचा दाखला पुढे करावा हेही कळत नसे. परिणामी प्रत्येक सुरक्षित स्थळाला स्वतंत्र पत्ता द्यावा लागे. आरंभीच हव्या त्या स्थळाचे नाव सांगण्याची सोय २००३ मध्ये मानकात आली. परंतु विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर ती जाणत नसल्यामुळे तिचा सार्वत्रिक वापर होण्यास दीर्घकाळ लागला.

लोकवर्गणीतून उभी राहिलेली संस्था

या परिस्थितीवर उपाय शोधण्याचे काम अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू होते. मोझिला या ना-नफा संस्थेत जॉश आस व एरिक रेस्कोर्ला, तर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनमध्ये पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठात जे. अॅलेक्स हाल्डरमन विनामूल्य प्रमाणन संस्थेचा विचार करीत होते. हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. २०१३ च्या मे महिन्यात इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था नोंदविण्यात आली आणि १८ नोव्हेंबर २०१४ रोजी तिच्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या प्रकल्पाची घोषणा झाली. सिस्को आणि अकामाई या कंपन्या आरंभापासून पुरस्कर्त्या होत्या.

नव्या प्रमाणन संस्थेची सही ब्राउझरांच्या यादीत येण्यास वर्षे लागतात. यासाठी आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेने लेट्स एन्क्रिप्टच्या सहीला आपल्या सहीची जोड दिली. पहिले प्रमाणपत्र १४ सप्टेंबर २०१५ रोजी देण्यात आले आणि ३ डिसेंबर २०१५ पासून ही सेवा सर्वांना खुली झाली. जून २०१७ मध्ये एकूण प्रमाणपत्रांची संख्या १० कोटींवर गेली आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी १०० कोटींचा टप्पा ओलांडला गेला.

या वाढीपेक्षा ती कोणत्या बळावर झाली हे अधिक विचार करण्यासारखे आहे. जून २०१७ मध्ये सुमारे ४ कोटी ६० लाख संकेतस्थळांना सेवा देणाऱ्या या संस्थेत ११ पूर्णवेळ कर्मचारी होते आणि वार्षिक अंदाजपत्रक २६ लाख १० हजार डॉलरचे होते. २०२० च्या आरंभी संकेतस्थळांची संख्या सुमारे १९ कोटी २० लाखांवर गेली. कर्मचारी मात्र केवळ १३ आणि अंदाजपत्रक सुमारे ३३ लाख ५० हजार डॉलर होते. काम चौपटीने वाढले, पण माणसे दोनच वाढली. एकेक अर्ज हाती घेऊन तपासणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला हे शक्य झाले नसते.

यंत्रांचे संभाषण

या यशाचा गाभा म्हणजे ‘ऑटोमेटेड सर्टिफिकेट मॅनेजमेंट एन्व्हायर्नमेंट’, संक्षेपाने ‘अॅक्मे’ ही कार्यपद्धती. अर्जदाराचा सर्व्हर आणि प्रमाणन संस्थेचा सर्व्हर यांनी आपसांत कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत बोलावयाचे, हे तिच्यात निश्चित केलेले आहे.

प्रथम अर्जदाराच्या सर्व्हरवरील प्रोग्राम स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करतो आणि प्रमाणन संस्थेकडे खाते उघडतो. पुढील प्रत्येक संदेशावर या खात्याच्या किल्लीने सही होते. त्यानंतर तो ज्या नावासाठी प्रमाणपत्र हवे आहे त्याची मागणी नोंदवितो.

आता संस्था अर्जदाराची परीक्षा घेते. एखादे घर आपल्या ताब्यात आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याला सांगता येईल की, उद्या सकाळी त्या घराच्या दारावर आतल्या बाजूने अमुक खूण काढून दाखव. ज्याच्याकडे घराची किल्ली आहे त्यालाच ते जमेल. संस्था असेच करते. ती एक अनपेक्षित, कधीही पुन्हा न येणारा संकेत पाठविते. प्रोग्रामने तो आपल्या खात्याच्या किल्लीच्या ठशासह संकेतस्थळावरील ठरलेल्या जागी एका छोट्या फाइलमध्ये ठेवावयाचा असतो. संस्था त्या पत्त्यावर जाऊन फाइल वाचते. संकेत जुळला तर त्या नावावर अर्जदाराचा ताबा सिद्ध होतो.

दुसरा मार्ग डीएनएसचा आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांकित पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही. तिच्यात ठरावीक नोंद करून दाखविली तरी ताबा मान्य होतो. एका मुख्य नावाखालील सर्व उपनावांना चालेल असे एकच प्रमाणपत्र मार्च २०१८ पासून मिळू लागले. त्यासाठी मात्र हा दुसरा मार्गच अनिवार्य ठेवण्यात आला आहे.

परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर प्रोग्राम संकेतस्थळासाठी किल्ल्यांची वेगळी जोडी तयार करतो आणि त्यातील जाहीर किल्ली अर्जासोबत पाठवितो. गुप्त किल्ली सर्व्हर सोडून कोठेही जात नाही. प्रमाणन संस्थेलाही ती कधी दिसत नाही. संस्था सही करून प्रमाणपत्र परत पाठविते आणि प्रोग्राम ते जागच्या जागी बसवितो. ही सर्व देवघेव साधारणतः मिनिटाच्या आत पूर्ण होते. मुदत संपण्यापूर्वी पुरेसे दिवस राखून तोच प्रोग्राम आपण होऊन नवीन प्रमाणपत्र आणतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा ‘सर्टबॉट’ हा अशा प्रोग्रामांपैकी सर्वांत परिचित आहे. ‘कॅडी’ सारख्या सर्व्हर-प्रणालीत तर ही सोय अंगभूतच आहे.

होस्टिंग व्यवसायाचे रूप यामुळे पालटले. वर्डप्रेस डॉट कॉमने एप्रिल २०१६ मध्ये आपल्याकडील स्वतंत्र नावांच्या सर्व स्थळांना एचटीटीपीएस विनामूल्य दिले. इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. पूर्वी स्वतंत्र शुल्क आकारून दिली जाणारी ही सेवा आता जागेच्या भाड्यातच समाविष्ट होऊ लागली. स्थळाच्या मालकाला त्यासाठी काही शिकावे वा करावे लागत नाही. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझरने साध्या एचटीटीपी स्थळांपुढे ‘असुरक्षित’ अशी सूचना लावण्यास प्रारंभ केला. उपाय फुकट व सोपा झालेला असल्यामुळेच असा आग्रह धरणे न्याय्य ठरले, हे लक्षात घेतले पाहिजे.

खुले मानक कशासाठी?

विनामूल्य सेवा देणारी एखादी कंपनी आपली स्वतःची बंदिस्त पद्धत चालवू शकली असती. तसे झाले असते तर जगातील संकेतस्थळे त्या एका कंपनीशी बांधली गेली असती. अॅक्मेची कार्यपद्धती मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ या नावाने खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ते कोणालाही विनामूल्य वाचता येते, त्यानुसार प्रोग्राम लिहिता येतो आणि त्यातील दोष दाखविता येतात. व्यापारी प्रमाणन संस्थांनीही ते स्वीकारले आहे. त्यामुळे एका संस्थेची सेवा खंडित झाली तर सर्व्हरच्या रचनेत थोडासा बदल करून दुसऱ्या संस्थेकडे जाता येते.

खुलेपणाचा दुसरा लाभ देखरेखीचा आहे. डिजिनोटार प्रकरणानंतर गूगलमधील अभियंत्यांच्या पुढाकाराने प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवहीची योजना पुढे आली. तिचा मसुदा जून २०१३ मध्ये आरएफसी ६९६२ म्हणून प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१८ च्या अखेरीनंतर दिलेले प्रमाणपत्र अशा नोंदवह्यांत नोंदलेले नसेल, तर क्रोम ते स्वीकारीत नाही. या नोंदवहीत भर घालता येते, परंतु जुनी नोंद गुपचूप खोडता किंवा बदलता येत नाही. आपल्या नावाने कोणी परस्पर दाखला काढला आहे काय, हे आता कोणत्याही संकेतस्थळाला स्वतः पाहता येते.

तपासणीची पद्धतही अशा जाहीर चर्चेतून सुधारत गेली. प्रमाणन संस्था एकाच ठिकाणाहून फाइल वाचीत असेल, तर त्या वाटेवरील इंटरनेटचे मार्ग फिरवून तिला फसविता येते, हे संशोधकांनी दाखविले. त्यावर उपाय म्हणून लेट्स एन्क्रिप्टने फेब्रुवारी २०२० पासून एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तपासणी सुरू केली. २०२५ पासून हा नियम ब्राउझरांनी मान्य केलेल्या सर्वच प्रमाणन संस्थांना लागू झाला आहे.

स्वयंचलनाची कसोटी

लेट्स एन्क्रिप्टने प्रमाणपत्राची मुदत आरंभापासून ९० दिवस ठेवली. वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीची सवय असलेल्यांना हे गैरसोयीचे वाटले. परंतु चोरीस गेलेली किल्ली अल्पकाळातच निरुपयोगी व्हावी, हा यामागील एक उद्देश होता. दुसरा उद्देश असा की, वर्षातून चार-सहा वेळा करावे लागणारे काम हाताने करण्याचा मोह कोणाला होऊ नये. ही दृष्टी आता सार्वत्रिक झाली आहे. प्रमाणन संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये कमाल मुदतीचा टप्प्याटप्प्याने संकोच करण्याचे ठरविले. त्यानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी ठरलेली आहे. हाताने प्रमाणपत्रे बदलणाऱ्या कार्यालयांना यापुढे स्वयंचलनाखेरीज गत्यंतर उरणार नाही.

स्वयंचलनामुळे चुकाही मोठ्या प्रमाणात होऊ शकतात, याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. कोणत्या संस्थेने आपल्याला दाखला द्यावा हे संकेतस्थळाला डीएनएसमध्ये नमूद करता येते. ती नोंद पुन्हा तपासणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या प्रोग्राममध्ये दोष असल्याचे २९ फेब्रुवारी २०२० रोजी आढळले. त्यामुळे ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे नियमानुसार पाच दिवसांत रद्द करणे भाग होते. संस्थेने चूक तत्काळ जाहीर केली. मुदतीपूर्वी १७ लाखांहून अधिक प्रमाणपत्रे बदलली गेली. उरलेल्या दहा लाखांहून अधिक प्रमाणपत्रांच्या बाबतीत मात्र, ती एकाएकी रद्द केल्यास तितकी स्थळे बंद पडून जनतेचीच गैरसोय होईल, असा विचार करून ती लगेच रद्द न करण्याचा निर्णय झाला. सर्व्हरवरील प्रोग्राम केवळ दिनदर्शिका पाहून नूतनीकरण करीत होते. आणीबाणीत त्यांना आधीच बोलावून घेण्याची सोय नव्हती. ही उणीव भरून काढणारी पद्धत जून २०२५ मध्ये आरएफसी ९७७३ या मानकाने निश्चित केली. तीनुसार प्रोग्राम मधूनमधून संस्थेला ‘नूतनीकरण केव्हा करू?’ असे विचारतो आणि संकटकाळी संस्था त्याला तत्काळ या, असे सांगू शकते.

जुन्या फोनांचा प्रश्न याहून वेगळा होता. नवी सही ओळखण्यासाठी फोनमधील यादी अद्ययावत असावी लागते. अँड्रॉइड ७.१ पूर्वीच्या फोनांत ती नव्हती आणि २०२० च्या अखेरीस वापरातील अँड्रॉइड उपकरणांपैकी सुमारे एकतृतीयांश अशी जुनी होती. नवा फोन घेणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर इंटरनेटची दारे बंद होऊ नयेत म्हणून आयडेनट्रस्टच्या सहीची जोड सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढवून घेण्यात आली. तांत्रिक सुधारणेचा वेग ठरविताना गरीब वापरकर्त्याचा विचार कसा करावा, याचे हे उदाहरण आहे.

अजून उरलेले काम

पाकीट बंद झाले तरी त्यावरील पत्ता वाचता येतो. संकेतस्थळाचे नाव डीएनएसला विचारताना ते उघड होत असे. हे प्रश्नोत्तरही झाकण्याची मानके २०१६ व २०१८ मध्ये आली. जोडणीच्या आरंभी सांगावे लागणारे नाव लपविण्याची पद्धत क्रोम व फायरफॉक्स यांनी २०२३ मध्ये स्वीकारली. परंतु सर्व्हरच्या बाजूने तिचा प्रसार अद्याप व्हावयाचा आहे.

स्वतः प्रमाणन संस्थाही नकळत टेहळणीचे ठिकाण होऊ शकते. प्रमाणपत्र रद्द तर झालेले नाही ना, असे ब्राउझर थेट संस्थेला विचारीत असे. त्यामुळे कोणत्या पत्त्यावरील माणूस कोणते स्थळ पाहत आहे, हे संस्थेला कळू शके. दरमहा सुमारे ३४ हजार कोटी अशा विचारणा लेट्स एन्क्रिप्टकडे येत होत्या. संस्थेने ही सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद करून रद्द प्रमाणपत्रांच्या एकत्रित याद्या तेवढ्या प्रसिद्ध करण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी जूनपासून मुदत संपत आल्याची ईमेल पाठविणेही थांबविण्यात आले. लाखो लोकांचे ईमेल पत्ते जपून ठेवण्याची आवश्यकताच राहू नये, हे त्यामागील एक कारण होते. जी माहिती साठविलेली नाही ती चोरीस जाण्याची भीती नसते.

एका गैरसमजाचेही निराकरण करणे अवश्य आहे. प्रमाणपत्रामुळे पाकीट वाटेत फोडले गेले नाही आणि ते पत्त्यावरील नावालाच पोहोचले, एवढेच सिद्ध होते. पत्त्यावर राहणारा माणूस सचोटीचा आहे, असे ते सांगत नाही. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन उघडलेल्या फसव्या स्थळालाही प्रमाणपत्र मिळू शकते. क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारील कुलपाचे चिन्ह काढून टाकले ते याच कारणाने. लोक त्या चिन्हाचा अर्थ ‘विश्वासार्ह’ असा करू लागले होते. म्हणून पैसे किंवा वैयक्तिक माहिती देण्यापूर्वी संकेतस्थळाचे नाव अक्षरशः वाचून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घेणे इष्ट होय.

नागरिकांचा हक्क, संस्थांचे कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार, लोकांची माहिती हाताळणाऱ्या संस्थांवर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. माहिती वाटेत उघडी न राहू देणे ही त्यातील पहिली पायरी म्हणता येईल.

ही पायरी चढण्यास आता द्रव्यबळाची अडचण नाही. तालुक्याच्या गावातील वाचनालय, सहकारी पतसंस्था, शिक्षणसंस्था किंवा नगरपरिषद यांपैकी कोणालाही मोठ्या बँकेच्या तोडीची प्रमाणपत्रे विनामूल्य मिळू शकतात. संकेतस्थळासाठी जागा घेताना प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होते काय, सर्व जुने दुवे सुरक्षित मार्गाकडे वळविलेले आहेत काय आणि नूतनीकरण अयशस्वी झाल्यास कोणाला कळविले जाते, हे तीन प्रश्न संस्थेच्या चालकांनी होस्टिंग कंपनीस अवश्य विचारावेत. यंत्र आपले काम चोख करीत आहे की नाही, हे पाहणारा एक जबाबदार माणूस नेमून दिलेला असावा. तेवढी दक्षता घेतली, तर अर्जात आपला आजार, उत्पन्न किंवा आधार क्रमांक लिहिणाऱ्या नागरिकाची माहिती त्या संस्थेपर्यंत बंद पाकिटातूनच पोहोचेल.